दिनूभाऊ, मडगार्ड घ्याच!

...आणि वर मला म्हणतो कसा, "दिनूभाऊ, माझं ऐका, मडगार्ड घ्याच!" अरे तू कोण सांगणारा? तुझ्या स्वतःच्या सायकलला आहेत का मडगार्ड? नाहीत! पुढे नाही, मागे नाही, नुसती दोन चाकं आणि मध्ये तू! आणि मला सांगतो, घ्याच! तुम्हाला सांगतो, माणसानं शेजारी निवडून घ्यावा... पण निवडता कुठे येतो हो? सिडकोनं सोडतीत घर दिलं, नेरूळला, दुसरा मजला, खाडीचा वारा, हवा खेळती, सगळं माहितीपत्रकात छापलं होतं. समोरच्या दारात जयप्रकाश राहायला येणार, हे कुठे छापलं होतं?

आता तुम्ही लगेच म्हणाल, हा जळतो. मी? जळतो? छे हो! मी कशाला जळू? मी आपलं जे झालं ते सांगतो.

मुळात मला सायकलची गरजच नव्हती. म्हणजे सायकल होतीच माझ्याकडे. चांगली होती. काळी, दणकट, सासऱ्यांनी लग्नात दिलेली. रॉडचे ब्रेक... म्हणजे ते हँडलखालून लोखंडी दांडे निघतात ना, पार चाकापर्यंत, ते! दाबले की 'कुईंऽऽ' असा आवाज व्हायचा, सायकल जरा विचार करायची, आणि मग थांबायची. आणि मडगार्ड? पुढे एक, मागे एक, मडगार्ड कसले, पडव्याच होत्या पत्र्याच्या! मागच्याला खाली रबरी जीभ लोंबायची. चेनीवर डबा, मागे कॅरियर, पुढे घंटी. तुर्भ्याला कारखान्यात हजेरी खात्यात आहे मी, रोज जायचो त्या सायकलवरनं, भर पावसात, खड्ड्याखड्ड्यातनं, आणि ऑफिसात उतरलो की पँटची इस्त्री जशीच्या तशी. सुखी होतो हो. सुखी माणसाला आपण सुखी आहोत हे कळत नाही, हीच तर बोंब आहे!

आणि मग एका उन्हाळ्यात, संध्याकाळी, बिल्डिंगच्या खाली 'टिकटिकटिकटिक' असा बारीक आवाज आला. मी गॅलरीत. सरोजिनी, म्हणजे आमची मिसेस, तीही गॅलरीत. खाली बघतो तर जयप्रकाश! आमच्याच कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे, पोरगेलासा, केसांचा कोंबडा काढलेला... आणि बुडाखाली रेसर! निळी. एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. बोटभर जाडीचे टायर. ब्रेक कसले तर वायरचे, दोन्हीकडनं रिमला चिमट्यात धरणारे, चांदीसारखे चकचकीत. तो उतरला, सायकल एका हातानं उचलली, खांद्यावर घेतली, आणि शीळ घालत जिना चढून वर! दुसऱ्या मजल्यावर! माझी काळी उचलायची म्हटलं तर दोन माणसं आणि एक देवाचं नाव लागतं!

आणि तेव्हा सरोजिनी काय म्हणाली माहितीय? म्हणाली, "अगबाई!"

बस. एवढंच. "अगबाई!" पण कसं म्हणाली! गालावर हात ठेवून, डोळे मोठे करून, शेवटचा 'ई' लांबवून. तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला बढती मिळाली, हे घर लागलं, मी एकदा अख्खा फणस एकट्यानं फोडला, पण माझ्यासाठी या बाईच्या तोंडातनं कधी 'अगबाई' निघालं नाही. माझ्यासाठी निघतं ते काय, "आलात का? पिशवी नाही ना आणलीत?" एवढंच.

मी त्या क्षणी ठरवलं. आपणही रेसर घ्यायची. जळून नाही हां! तुर्भ्याला जायला. लांब पडतं.

शिवरामचं सायकलचं दुकान आहे नाक्यावर. त्याची पद्धत अशी, की सायकलचा सांगाडा तो देतो, चाकं, हँडल, सीट लावून देतो, पण ब्रेक आणि मडगार्ड गिऱ्हाइकानं आपले पसंत करायचे. मी लाल सांगाडा घेतला. मुद्दाम लाल. निळी नको! सगळं झालं, आणि मग शिवराम म्हणाला, "बोला साहेब, ब्रेक कुठला टाकू? मडगार्ड कुठला टाकू?"

इथं माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. कारण त्यानं काउंटरवर मांडले हो सगळे! आखूड चिमट्याचे ब्रेक, लांब चिमट्याचे ब्रेक, मधोमध ओढणारे ब्रेक, एका बाजूनं ओढणारे ब्रेक! आणि मडगार्ड? पत्र्याचे, ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकचे, पूर्ण, अर्धे, एक तर नुसता सीटखाली शेपटीसारखा वर उचललेला! लग्नासाठी मुली बघायला गेलो होतो ना, तेव्हाही एवढा गोंधळ झाला नव्हता. तिथं निदान चहा-पोहे होते!

मी विचारलं, "यातला चांगला कुठला?"

शिवराम म्हणाला, "सगळेच चांगले साहेब."

"मग फरक काय?"

"फरक हाय ना साहेब, ज्याला जो आवडेल तो फरक." मग इकडे तिकडे बघून, हळूच, "तुमच्या शेजारच्या जयप्रकाशसाहेबांना विचारा ना! त्यांना लय नॉलेज. मी पण त्यांनाच विचारतो कधी कधी."

बघा! मी दुकानात आलो, तिथंही हा आधीच येऊन बसलेला! मी म्हटलं, "मला कुणाला विचारायची गरज नाही, मी उद्या सांगतो." आणि घरी आलो, आणि रात्रभर या कुशीवरनं त्या कुशीवर. आखूड की लांब? पूर्ण की अर्धा? सकाळी सरोजिनी म्हणते, "झोपेत काय बडबडत होतात? चिमटा चिमटा करत होतात! मला वाटलं कुणी तुम्हाला चिमटे काढतंय!" काढतच होता ना, समोरच्या दारातनं!

मग मी काय केलं, जयप्रकाशचे ब्रेक मोजायचे ठरवले. का म्हणजे? माहिती असावी! रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली, त्याची सायकल धुऊन खाली जिन्याशी वाळत ठेवलेली. मी सरोजिनीची शिलाईची टेप घेतली, हळूच खाली गेलो, चाकापाशी उकिडवा बसलो, आणि त्याच्या ब्रेकच्या चिमट्याला टेप लावली... तेवढ्यात पाठीमागनं आवाज, "काय हरवलं वो, दिनूभाऊ?"

वेणूबाई! तळमजल्यावर राहतात. मराठवाड्यातनं आलेल्या, जीव लावणाऱ्या, पण दुपारी झोपत नाहीत हो या बाई! दारात सूप घेऊन बसलेल्या असतात, आणि बिल्डिंगमध्ये कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं त्यांच्याकडे. मी म्हटलं, "काही नाही, रुपया पडला." तर म्हणतात, "टेपनं हुडकताय रुपया?" आणि संध्याकाळी जयप्रकाश दारात हजर! हसत! "दिनूभाऊ, वेणूमावशी म्हणाल्या, तुम्ही माझ्या ब्रेकचं माप घेत होतात. मला विचारायचं ना! या, बसा, सांगतो." आणि आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीवर, सरोजिनीनं केलेला चहा पीत, त्यानं मला सगळं समजावलं. काय म्हणाला ऐका.

"दिनूभाऊ, मी पावसात रेसर काढतच नाही, बसनं जातो, म्हणून मला मडगार्ड लागत नाहीत. तुम्हाला रोज जायचंय, तेव्हा मडगार्ड घ्याच. पूर्ण घ्या. प्लास्टिकचे घ्या, खाडीच्या हवेत पत्रा गंजतो. आणि मडगार्ड घालायचे म्हणजे ब्रेक लांब चिमट्याचे घ्या. आखूड चिमटा टायरला चिकटून बसतो, मधनं मडगार्ड जायला जागाच उरत नाही. माझे आखूड आहेत ते सोडा, तुम्ही लांबच घ्या."

सरोजिनी म्हणाली, "बघा, किती नीट सांगितलं भावजींनी!"

आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात? हा स्वतः आखूड वापरतो, आणि मला म्हणतो लांब घ्या! हा स्वतः मडगार्डशिवाय वाऱ्यासारखा जातो, आणि मला म्हणतो दोन्ही लावा, पूर्ण लावा, वर प्लास्टिकचे लावा! म्हणजे काय? म्हणजे माझी रेसर ही रेसर दिसता कामा नये! दुधवाल्याची सायकल दिसली पाहिजे! म्हणजे आमच्या गॅलरीतनं 'अगबाई' यायचं ते फक्त याच्यासाठी! मी सगळं ओळखलं. चहा पिता पिता ओळखलं. वरवर म्हटलं, "वा वा, चांगलं सांगितलंस," आणि दुसऱ्या दिवशी शिवरामला जाऊन सांगितलं, "आखूड टाक. त्याच्याहून आखूड असतील तर ते टाक!"

शिवराम म्हणाला, "आणि मडगार्ड?"

आता इथं मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. पावसाळा तोंडावर. म्हटलं, "मडगार्डही टाक."

"आखूड ब्रेक आणि मडगार्ड, दोन्ही? साहेब, जयप्रकाशसाहेब तर म्हणतात..."

"टाक!"

टाकले त्यानं. हातोडीनं टाकले! इकडनं दाबला की तिकडनं वर येतोय, तिकडनं दाबला की इकडनं. शेवटी एकदाचे बसले. मी ऐटीत बसलो, पायडल मारलं, आणि सायकल बोलली, 'खर्रर्रर्रऽऽ!' थांबलो की गप्प. निघालो की 'खर्रर्रर्रऽऽ!' टायर मडगार्डला घासत होता. नाक्यापासून बिल्डिंगपर्यंत रस्त्यातली कुत्री आधी उठून बसली, मग मागे लागली. दिवाळे गावची रखमा, आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते, ती पाटी डोक्यावरनं उतरवून बघतच राहिली. म्हणाली, "आवो दादा, ही सायकल रडते कनी! तेलपानी घाला तिला, बिचारी उपाशी हाय!" वर गॅलरीत सरोजिनी उभी. मी मान वर केली. मी वाट बघतोय. म्हटलं, आता म्हणेल, आता म्हणेल... म्हणाली, "कसला हो आवाज? मला वाटलं गिरणी सुरू झाली कुठे!"

काढले मडगार्ड. दोन्ही काढले. दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, नकोच! खरी रेसर म्हणजे उघडी रेसर! जयप्रकाशच्या सायकलला नाहीत, मग माझ्या सायकलला कशाला?

आणि मग पाऊस लागला. चांगला लागला. तुम्हाला आमच्या नेरूळचा चिखल माहितीय का? खाडीत भराव टाकून, त्यावर मुरूम टाकून, त्यावर पुन्हा कुणीतरी काहीतरी खणून जे होतं, ते. लाल असतो, चिकट असतो, आणि धुतला की जास्त उठून दिसतो. माझं मागचं चाक तो चिखल उचलायचं आणि माझ्या पाठीवर मारायचं. एका ओळीत! कमरेपासून मानेपर्यंत, सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी लाल रेघ! आणि पुढचं चाक? ते तोंडाकडे बघायचं! बोलायचं म्हणून तोंड उघडलं की मुरूम आत!

ऑफिसात शिरलो. आमचे साहेब माझ्या पाठीकडे बघून म्हणाले, "दिनानाथ, नेरूळला रेल्वे येणार येणार म्हणतात, ती आली वाटतं! तुझ्या पाठीवर रूळ टाकलाय!" अख्खं हजेरी खातं हसलं. लेट मार्क लागलेली माणसंसुद्धा हसली. आणि घरी सरोजिनी! शर्ट दगडावर आपटते आणि प्रत्येक आपटण्याला एक वाक्य, "सांगितलं होतं!" धप्प! "भावजींनी!" धप्प! "मडगार्ड!" धप्प! "घ्याच म्हणून!" धप्प! तो शर्ट मी तसाच ओला घालून गेलो असतो तरी चाललं असतं, पण ते ऐकवत नव्हतं.

मग म्हणाल, शिवरामकडे जाऊन ब्रेक बदलायचे. लांब चिमट्याचे घ्यायचे, मडगार्ड लावायचे, विषय संपला. असं कसं संपला? म्हणजे जयप्रकाश म्हणाला तेच खरं झालं, असं शिवरामला सांगायचं? मी? त्यापेक्षा चिखल बरा!

आणि अशात एक दिवस तो आलाच. हसत. "दिनूभाऊ, एक मागू का? तुमची ती काळी सायकल जिन्याखाली पडून आहे. पावसात बसची फार वाट बघावी लागते. तुम्ही वापरत नसाल तर पावसाळ्यापुरती मी वापरू?"

तुम्हाला सांगतो, मला काय आनंद झाला! मला वाटलं, देव आहे! म्हणजे बघा, मी लाल रेसरवर, आणि हा? हा सासऱ्यांच्या काळ्या खटाऱ्यावर! कुईंऽऽ करत! रबरी जीभ लोंबवत! मी म्हटलं, "अरे घे! विचारतोस काय? तुझीच समज!"

हे शब्द माझे. हे मी बोललो. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिल्याच आठवड्यात काय झालं? आम्ही दोघं एकदम बिल्डिंगमधनं निघायचो. मी पुढे, तो मागनं सावकाश. तुर्भ्याला मी आधी पोचायचो, हां! पण कसा पोचायचो? शेतात लावणी करून आल्यासारखा! आणि मागनं हा यायचा, सावकाश, ताठ बसून, गुडघ्याला शिंतोडा नाही, पांढरा शर्ट पांढरा, घंटी वाजवत, 'ट्रिंग ट्रिंग', वॉचमन सलाम ठोकायचा! त्यालाच! मी त्याच्या आधी आलो होतो, तर मला म्हणाला होता, "नळ उधर है."

आणि त्यानं सायकलचं केलं काय? सरळ चालवायची ना! तर नाही. दांडे पुसले, सांध्यांत तेल सोडलं, ब्रेकला नवे रबर बसवले, मडगार्डला काळा रंग देऊन त्याच्यावर बारीक सोनेरी रेघ ओढली, स्वतःच्या हातानं, ड्रॉइंग विभागातला ना! कॅरियरवर वेणूबाईंचं दळण आणून द्यायला लागला. रखमाची पाटी जड झाली की नाक्यापर्यंत पोचवायला लागला. रखमा म्हणते, "काय सोन्यासारखी सायकल हाय जयप्रकाशदादाची! नायतर ती लाल, रडकी!" माझ्याच समोर! माझ्याच सायकलच्या तोंडावर! वेणूबाई म्हणतात, "जयप्रकाशसायबाची सायकल म्हंजी बैलगाडी हाय बगा, वझं कळतच न्हाई." जयप्रकाशची! सगळ्यांच्या तोंडी जयप्रकाशची! आणि मी तिथं उभा, पाठीवर रूळ घेऊन!

मी जळत होतो? नाही... म्हणजे... तुम्ही बघा ना, माणूस रेसर घेतो म्हणून मला वाईट वाटलं, ठीक आहे, रेसर दिसायला चांगली असते. पण मी रेसर घेतली आणि त्यानं माझी टाकून दिलेली घेतली, तरी वाईट मलाच वाटायचं? हा कुठला हिशेब? एकदा तर कॅरियरवर सुचित्राला, सरोजिनीच्या मावसबहिणीला, बस स्टॉपवर सोडून आला! सरोजिनी म्हणते, "स्वभाव किती चांगला, नाही?" आणि मला म्हणते, "तुमच्या त्या लाल सायकलवर तर बाई बसायला जागाच नाही." बाई बसायला जागा! मी ब्रेक निवडताना हा मुद्दा कुणी काढला होता का?

तरी म्हटलं, थांब. गणपती येतायत.

आमच्या कॉलनीच्या गणपतीत स्पर्धा असतात ना, त्या फलकावर खडूनं लिहिलेलं, 'सायकल स्पर्धा. सायंकाळी मैदानावर.' मी नाव दिलं. त्याच्याखाली बघतो तर जयप्रकाश! आणि कंसात, 'सायकल काळी'. मी मनात म्हटलं, आला! कसा आलास रे हातात! तू काळ्या खटाऱ्यावर आणि मी रेसरवर! अख्खी कॉलनी बघणार, सरोजिनी बघणार, आणि मी असा सपकन जाईन की गालावर हात ठेवून तिला म्हणावंच लागेल! तुम्हाला सांगतो, आमच्याकडे तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि बिल्डिंगी व्हायच्या होत्या, लांबच लांब मोकळे रस्ते, दिवा नाही, माणूस नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातनं आलो की तिथं जाऊन रेस मारायचो. म्हशी बाजूला व्हायच्या! नुसता वारा! आणि ब्रेक? काय ब्रेक हो! नुसतं बोट लावलं की जागच्या जागी! म्हटलं, आखूड ते आखूड!

स्पर्धेचा दिवस. मैदानाला दोरी, फुगे, लाउडस्पीकर, बायका खुर्च्यांवर, सरोजिनी पहिल्या रांगेत. मी रेषेवर वाकून तयार. एक पाय पायडलवर, डोकं हँडलात. शेजारी जयप्रकाश, काळ्या सायकलवर ताठ, आरामात. आणि मंडळाचे सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "तर मंडळी, दरवर्षीप्रमाणे आपली स्लो सायकलिंग! जो सगळ्यात शेवटी पोचेल, त्याचा पहिला नंबर! पाय टेकला की बाद!"

आता मला सांगा, जगात कुठे असं असतं का? सायकल ही काय शेवटी पोचायला काढलेली वस्तू आहे? पण गणपतीत सायकल स्पर्धा म्हणजे स्लो सायकलिंगच, हे लालबागला राहायचो तेव्हापासून मला माहीत! जन्मभर बघितलंय! लहानपणी मी स्वतः त्यात साबणाची डबी जिंकलीय! फक्त त्या जयप्रकाशच्या नादात माझ्या डोक्यातनं साफ गेलं होतं!

शिट्टी वाजली. सगळ्या सायकली हलल्या. मी दोन हात पुढे गेलो असेन, म्हटलं, हळू, हळू, आणि ब्रेकला नुसतं बोट लावलं. नुसतं बोट! ब्रेकनं असं धरलं, असं धरलं, की सायकल जागच्या जागी उभी, आणि बोटभर टायर मुरमात रुतलेला... आणि मी आडवा. लाउडस्पीकरवर, "पहिले बाद... दिनानाथराव!" पहिला आलो एकदाचा!

आणि तिकडे जयप्रकाश! काय सांगू! ताठ बसलेला, ब्रेक हळू दाबतोय, 'कुईंऽऽ', सायकल विचार करतेय, थांबत नाही, जात नाही, रुंद टायर, जड अंग, हलत नाही की डुलत नाही, नुसती उभी आहे चाकांवर, 'कुईंऽऽ', बाकीचे सगळे पोचले, पडले, संपले, आणि हा आपला मैदानाच्या मधोमध, सूर्य मावळायला आला तरी! आणि पहिल्या रांगेत सरोजिनी उठून उभी राहिली. गालावर हात ठेवला. डोळे मोठे केले. आणि म्हणाली,

"अगबाई! आमच्या बाबांची सायकल!"

माझ्या अंगावर मुरूम होता, गुडघा फुटला होता, पण तुम्हाला सांगतो, दुखलं ते तिथं नाही. त्या सायकलवर मी इतकी वर्षं बसलो, हिच्यासमोरनं गेलो आलो... एकदा तरी?

बक्षीस काय, स्टीलचा डबा. त्यावर मंडळानं नाव कोरून दिलं, 'जयप्रकाश, स्लो सायकलिंग, प्रथम क्रमांक'. आणि हा महात्मा तो डबा घेऊन आमच्याकडे! "वहिनी, सायकल तुमच्या बाबांची, तेव्हा डबा तुमचा!" नाही म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत सरोजिनीनं तो धुऊन पालथा घातलासुद्धा. आता रोज माझी पोळीभाजी त्यातनं जाते. रोज दुपारी हजेरी खात्यात मी डबा उघडतो तो जयप्रकाशचं नाव वाचून उघडतो.

दसऱ्याला पाऊस गेला. जयप्रकाश किल्ली घेऊन आला. "दिनूभाऊ, ही तुमची सायकल. फार उपयोग झाला." धुतलेली, पुसलेली, झेंडूची माळ घातलेली! मी किल्ली घेतली. काय वाटलं म्हणून सांगू! आता मडगार्ड माझे! दांडे माझे! ती सोनेरी रेघ माझी! रविवारी सकाळी म्हटलं, जाऊन मासळी आणू, मुद्दाम, बिल्डिंगसमोरनं एक फेरी मारून. सायकल काढली, टांग टाकली, 'ट्रिंग ट्रिंग'... काय चाल होती हो! लोण्यासारखी! फाटकापाशी पोचतो तोच मागनं आवाज, "अवं दिनूभाऊ! जयप्रकाशसायबाची सायकल कुठं निघाली? त्येनला इचारलंय का?"

वेणूबाई! सूप हातात! मी ब्रेक दाबला, 'कुईंऽऽ'. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. रखमा पाटी घेऊन उभी, तीही बघते. म्हणते, "आरं बापा, दादाची सायकल नेली का काय!" सगळे माझ्याकडे बघतायत. मी वर बघितलं. सरोजिनी गॅलरीत. म्हटलं, ही सांगेल. सांगेल ना, की अहो, माझ्या बाबांनी यांना लग्नात दिलेली सायकल आहे! आणि सरोजिनीनं गालावर हात ठेवला, आणि मला त्या सायकलवर ओशाळून बसलेला बघून तिला हसू आवरेना... आणि हसता हसता म्हणाली, "अगबाई!"

म्हणाली हो! मला उद्देशून म्हणाली! इतक्या वर्षांनी!

आणि तुम्हाला सांगतो, मी काय सांगत बसणार तिथं? लग्न कधी झालं, सासरे कोण, आखूड चिमटा कसा आणि लांब चिमटा कसा? मी घंटीवर हात ठेवला आणि वेणूबाईंना म्हटलं, "विचारलंय हो मावशी. जयप्रकाशनंच दिलीय... वापरायला. संध्याकाळी परत करतो."

आणि संध्याकाळी, नीट पुसून, परत करून आलो.